विजयराघवरावांनी हळदीचे पान पाठवले नाही

विजयराघवरावांबद्दल सांगायचे तर आधी त्यांच्या एका पूर्वजाबद्दल सांगावे लागते, कारण ते स्वतःही तिथूनच सुरुवात करतात. तो पूर्वज तंजावरच्या दरबारात छत्री धरत असे. छत्र, असे विजयराघवराव म्हणतात. ऊन आले की उघडायची, सावली आली की मिटायची, एवढेच काम. पण त्या छत्रीची सावली यांच्या डोक्यावरून अजून हललेली नाही. एकतीस वर्षे यांनी कुंभकोणमच्या एका विमा कचेरीत कारकुनी केली, आणि कागद घेऊन आलेल्या माणसाला समोर खुर्ची रिकामी असताना उभे ठेवले. हे मात्र त्यांनी थेट दरबारातूनच आणले असणार.

आम्हीही त्याच तंजावरी मराठी लोकांतले. पण आम्ही तिरुनीलक्कुडीला राहतो, कुंभकोणमहून पूर्वेला, बसने अर्ध्या-पाऊण तासावर. आमचा पूर्वज दरबारात काय धरत होता ते आम्हांला ठाऊक नाही. त्यामुळे आम्हांला भात लावायला वेळ मिळाला.

विजयराघवरावांच्या आयुष्यात एक गोष्ट चांगली होती, आणि ती सांगितलीच पाहिजे. त्यांची थोरली बहीण मंगला आमच्या गावात दिलेली. आई लवकर गेली, तेव्हा मंगलाअक्का चौदा वर्षांच्या आणि हे सहा वर्षांचे. यांना न्हाऊ घालणे, यांच्या शाळेच्या सदऱ्याची बटणे शिवणे, यांना ताप आला की देवळाला प्रदक्षिणा घालणे, हे सगळे तिने केले. मग तिचे लग्न झाले. काही वर्षांनी हे कमावते झाले, आणि तेव्हापासून दर पोंगलच्या आदल्या दिवशी, भोगीला, हे तिच्याकडे भावाचा आहेर घेऊन येऊ लागले.

ते येणे बघण्यासारखे असे. पांढरेशुभ्र धोतर, कपाळाला गंध, आणि बसमधून उतरताना चेहरा असा की कोणीतरी बळेच ढकलून पाठवले आहे. एका हातात नवे मातीचे मडके, काखेत पानांसकट दोन ऊस, खांद्यावर तांदूळ, गूळ आणि साडीचे गाठोडे. आणि दुसऱ्या हातात, जमिनीला लागू नये म्हणून उंच धरलेला, हळदीचा रोपासकट उपटलेला जुडगा. खाली मातीने माखलेली बोटांसारखी हळद, वर लांब रुंद हिरवी पाने. पान चुरगाळले की आमच्या सगळ्या शेतांचा वास एका मुठीत येतो.

"दरवर्षी हा तमाशा," ते ओसरीवर बसता बसता म्हणत. "गर्दी ही येवढी! माझ्या पायावर एकीने कोंबडी ठेवली."

"कोंबडीला राव दिसले नसतील," मंगलाअक्का म्हणत, आणि गाठोडे सोडण्याआधी जुडगा उचलून पाने मोजत. पाने किती आणि कोणती फाटलेली नाहीत, हेच त्या आधी बघत. साडी मागाहून.

ती पाने कशासाठी, हे बाहेरच्या वाचकांना सांगायला हवे. पोंगलच्या दिवशी अंगणात नव्या मडक्याच्या गळ्याला हळदीचा जुडगा बांधून दूध-तांदूळ उतू घालवतात, हे सगळ्यांना माहीत असते. पण बायकांचा खरा सण दुसऱ्या दिवशी पहाटे. त्याला आम्ही कनू म्हणतो. आदल्या दिवशीचा भात घेऊन बायका अंघोळीच्या आधी तळ्याच्या काठी जातात. काही भात हळदीने पिवळा, काही कुंकवाने लाल, काही दह्याचा पांढरा. त्याचे लहान लहान घास हळदीच्या पानावर ओळीने मांडतात, आणि कावळ्या-चिमण्यांना बोलावून भावाचे नाव घेतात. पाखरे जशी थव्याने राहतात तसे माझे माहेर राहो, असे त्या मागतात. घरोघरी रीत थोडी वेगळी. मंगलाअक्कांची रीत अशी की पान भावाच्या हातून आलेले हवे. परसात हळदीचा अख्खा वाफा असला तरी त्यातले चालत नाही. अडतीस वर्षे त्यांनी विजयराघवाचे नाव विजयराघवाच्या पानावरच घेतले.

तर असे हे विजयराघवराव, वर्षातून एक दिवस भाऊ आणि उरलेले दिवस राव. निवृत्त झाल्यावर त्यांच्या हातात मोबाइल आला, आणि तोही एक दिवस गेला.

मोबाइलवर जगभर पांगलेल्या मराठी लोकांचा एक गट होता. त्यात यांना पुण्याचा शशांक नावाचा गृहस्थ भेटला. हा शशांक यांच्यापेक्षा वीस वर्षांनी लहान. पण त्याने पहिल्याच दिवशी सांगितले, "काका, तुमची मराठी फार गोड आहे हो. एकदम बखरीतली. आमच्याकडे असे आता कोणी बोलत नाही." यात चिमटा होता हे आमच्या गावच्या म्हशीलाही कळले असते. विजयराघवरावांना तो मुजरा वाटला. त्यानंतर ते रोज दोन तास पुण्याशी बोलू लागले. जी भाषा तीनशे वर्षे कावेरीकाठी जपली, आजीने ज्या भाषेत यांना रागे भरले, तिची यांना लाज वाटू लागली. बायको सरोजा "जेवण जालें" म्हणाली की हे "झालं, झालं म्हण" असे टोकत. ती म्हणायची, "तुम्ही गिळलेत की जालेंच ते."

मग गेल्या मार्गशीर्षात त्यांनी घरात जाहीर केले, "यंदा पोंगल नाही."

सरोजाच्या हातातली वाटी हातातच राहिली. "कोण गेले?" तिने विचारले.

हा तिचा अडाणीपणा नव्हे. आमच्याकडे पोंगल एकाच कारणाने चुकतो. घराण्यात मृत्यू झाला असेल तर त्या वर्षी दाराशी मडके चढत नाही. दुसरे कारण कोणी कधी ऐकलेले नाही.

"कोणी गेले नाही. आपण मराठे आहोत. आपली ती संक्रांत. तिळाचे लाडू करायचे, काळी वस्त्रे नेसायची. हे मडके, हा ऊस, ही पाखरांची जेवणे, सगळे इथल्यांचे आपण उचललेले."

"आपणही इथलेच की. तुम्ही जन्मलात ते काय पुण्यास? हे शेजारचे पट्टीश्वरम् ओलांडून तुम्ही किती वेळां गेलात ते माझ्या बोटांवर मावेल."

"तुज कळणार नाही."

"मज येवढे कळते की काळी साडी मी सणास नेसणार नाही."

नेसली ती शेवटी. नवऱ्याशी सगळ्या लढाया एका दिवशी लढत नाहीत, हे जुन्या संसारातल्या बाईला ठाऊक असते. आणि तिने आपली सोय निराळी करून ठेवली होती, ते पुढे येईल.

भोगीचा दिवस उजाडला. आमच्या गावात पहाटे जुन्या चटया आणि फाटक्या टोपल्या जाळून झाल्या. धूर भाताच्या शेतांवरून हलके हलके सरकत होता. कापणीला आलेला भात दवाने वाकला होता. मंगलाअक्का ओसरीवर येऊन बसल्या. दहाची बस गेली. अकराची गेली. साडेअकराला मोटारसायकलवरून कुरियरवाला आला आणि एक खोका देऊन सही घेऊन गेला.

सून लावण्या हिने कात्रीने खोका उघडला. शेजारच्या दोन बायका आहेर बघायला आल्याच होत्या. वर एक चिठ्ठी, त्याखाली तिळाच्या लाडवांचा डबा, आणि त्याखाली प्लास्टिकमध्ये घडी घातलेली, काठाला थोडी जर असलेली, काळीभोर साडी.

आमच्या भागात सवाष्णीला सणाला काळी साडी कोणी देत नाही. परक्यालाही देत नाहीत. भावाने बहिणीला तर नाहीच नाही. शेजारणीने हळूच पदर तोंडाला लावला आणि आपल्याला चुलीवर काही ठेवल्याची आठवण झाली. दुसरीलाही झाली.

मंगलाअक्कांनी साडी बाजूला काढून ठेवली आणि खोक्यात हात घालून तळापर्यंत चाचपले. त्या काय शोधत होत्या ते लावण्याला कळले. ती म्हणाली, "सासूबाई, परसात आपली हळद आहे की. मी चांगली पाने काढून आणते."

"ती आपली," मंगलाअक्का म्हणाल्या. "फोन लाव."

फोन लागला. विजयराघवराव मोठ्या उत्साहात होते. "अक्का! पोहोचली का? पुण्यात सगळ्या बायका नेसतात. थंडीत काळा रंग ऊब धरतो, शास्त्र आहे ते."

"राघू, इथे थंडी कोठे आहे रे? पंखा चालू आहे."

"रीत म्हणून, अक्का."

"पान कोठे आहे?"

"पान नाही या वेळी. ते आपले नव्हेच. मी सगळे विचारून घेतले आहे."

"कोणास विचारलेस?"

"शशांकास. पुण्याचा आहे."

"त्यास कोणी लहानाचा मोठा केला ते तो सांगेल. तुजला मी केला. मग परवा कावळ्यांपुढे काय ठेवू?"

विजयराघवराव हसले. अडतीस वर्षांच्या रीतीवर माणूस किती सहज हसतो! "लाडू ठेव," ते म्हणाले. "कावळ्यास काय, काहीही चालते."

"बरे," मंगलाअक्का म्हणाल्या आणि फोन ठेवला. आमच्या मंगलाअक्कांचे 'बरे' ज्यांनी ऐकले आहे ते त्या दिवशी त्यांच्या वाटेला जात नाहीत. मग त्या इतकेच म्हणाल्या, "पान नसले तर नाव कशावर घ्यायचे?" हे कोणाला उद्देशून नव्हते. लावण्या म्हणते, त्यांचा आवाज कधी नव्हे तो लहान मुलीसारखा झाला होता.

दुसऱ्या दिवशी पोंगल. कुंभकोणमच्या त्या गल्लीत पहाटेपासून दारोदारी रांगोळ्या, विटांच्या चुली, मडकी, उसांची कमान. दूध उतू गेले की आरोळ्या आणि थाळ्यांचा गजर. फक्त विजयराघवरावांचे अंगण कोरडे. आत ते काळा झब्बा घालून भिंतीला मोबाइल टेकवून बसले होते. सरोजा काळी साडी नेसून शेजारी, चेहरा भिंतीसारखा. पुण्याहून शशांक लाडू दाखवत होता, आणि हे इथून लाडू दाखवत होते.

आधी फुलवाली आली. तिने कोरडे अंगण पाहिले, दारातून आतली काळी साडी पाहिली, परडी खाली ठेवली आणि मोठ्याने रडू लागली. तिचा हिशोब सरळ होता. नवरा-बायको दोघे समोर बसलेले. म्हणजे तिरुनीलक्कुडीची अक्का गेली. दर दिवाळीला माहेरी येऊन जाणारी, हिच्याकडून गजरा घेताना दोन गाठी जास्त मागणारी अक्का.

पाच मिनिटांत गल्ली गोळा झाली. समोरचे शंकरनारायण, शाळेतून निवृत्त झालेले भारदस्त गृहस्थ, आपले उतू जाऊ घातलेले मडके बायकोवर सोपवून आले आणि विजयराघवरावांचा हात धरून बसले. बोलणे अर्थातच तमिळमध्ये.

"राव, कधी झाले?"

"काही झाले नाही हो! आम्ही संक्रांत करतो आहोत."

"असू दे, असू दे. पहिल्या दिवशी माणूस असेच बोलतो."

"अहो, अक्का जिवंत आहे!"

"आपल्या मनात त्या कायम जिवंतच," शंकरनारायण म्हणाले आणि त्यांनी डोळे पुसले. "आज तुमच्याकडे चूल पेटायची नाही. कॉफी आमच्याकडून येईल. जेवण पण."

मोबाइलमधून शशांक विचारत होता, "काका, काय झालं? एवढी माणसं का रडतायत?" काकांनी मोबाइल पालथा घातला.

मला हे सगळे नंतर कळले तेव्हा मी पोट धरून हसलो, आणि अजून हसतो. छत्र धरणाऱ्याच्या वंशजाला गल्लीत एक माणूस मिळेना जो त्याचे खरे मानील. पण हसून झाल्यावर एक गोष्ट राहते, तीही लिहायला हवी. त्या दुपारपर्यंत एकामागून एक माणूस येत गेला आणि अक्काबद्दल बोलत गेला. एकीला तिने बाळंतपणात मदत केलेली. एकाला तिने रागे भरून परीक्षेला बसवलेले. फुलवाली म्हणाली, "माझ्याकडून फुले घेऊन शेवटी दोन माळा माझ्याच डोक्यात घालायच्या." विजयराघवराव मधोमध बसून ऐकत होते. प्रत्येकाला सांगत होते की ती आहे. दहाव्या-बाराव्या माणसानंतर त्यांनी सांगणे सोडले. संध्याकाळी त्यांनी गुपचूप तिरुनीलक्कुडीला फोन लावला.

लावण्याने उचलला. "मामा, सासूबाई भात मळतायत."

"कशास?"

"उद्याच्या कनूस."

"पान कोठून आणले?"

"ते त्या सांगत नाहीत."

मग हा माणूस चपला घालून बाजारात गेला. आता मला सांगा, पोंगलच्या संध्याकाळी हळदीचा जुडगा कुठे मिळतो? विकणारे सकाळीच घरी गेलेले. रस्त्यावर उसाची पाती, तुडवलेली पाने, त्यांत तोंड घालणाऱ्या गाई. एका गाईच्या तोंडातून अर्धे पान लोंबत होते. ते त्यांनी ओढायचा प्रयत्न केला, असे पानपट्टीवाला सांगतो. गाईने दिले नाही.

घरी आले तर परसातून वेलदोड्याचा आणि गुळाचा वास. सरोजाने पहाटे, हे उठायच्या आधी, मागे धुण्याच्या दगडापाशी चूल मांडून मडके उतू घालवून घेतले होते. पट्टीश्वरम्‌हून तिच्या भावाने नेहमीप्रमाणे आहेर आणून दिला होता, मागच्या दाराने. मडक्याच्या गळ्याला हळदीचा हिरवागार जुडगा. सात पाने.

विजयराघवराव त्याच्याकडे बघत उभे राहिले. रागावायचे त्यांना सुचले नाही.

"सरोजा, एक पान दे."

"कशास?"

"अक्काकडे नेतो."

"ही माझ्या भावाची पाने," सरोजा म्हणाली. "यांवर त्याचे नाव येणार. तुम्ही पुण्यास मागा."

"एकच."

"अर्धेही नाही."

आणि तिने दिले नाही. मी तिची बाजू घेतो. पान देण्याघेण्याची वस्तू असती तर मंगलाअक्कांनी परसातलेच काढले असते.

तिसऱ्या दिवशी पहाटे मी माझ्या दोन गाई घेऊन तळ्यावर गेलो होतो. गुरांचा पोंगल तोच दिवस. धुवून, शिंगे रंगवून त्यांना सजवायचे असते. धुके पाण्यावर बसले होते. पूर्वेकडे शेतांच्या कडेला उजेडाची एक बारीक रेघ. काठावर आमच्या गावच्या बायका आपापली पाने मांडत होत्या, हलक्या आवाजात आपापल्या भावांना नावाने हाका मारत होत्या. गाई पाण्यात घालून मी लांबच थांबलो. पुरुषाने त्यात नाक खुपसू नये. पण डोळे आंधळे नव्हते.

मंगलाअक्का सगळ्यांच्या पलीकडे, चिंचेखाली होत्या. त्यांनी काखेतली काळी साडी काढली, झटकली, पदराकडून दोन हात लांबीची घडी घातली आणि ओल्या मातीवर अंथरली. नीट, चारही कोपरे ओढून. मग तिच्यावर घासांची पहिली ओळ मांडली, पिवळी. दुसरी लाल. तिसरी पांढरी. शेवटी उसाची दोन पेरे, एक केळे, आणि डब्यातला एक तिळाचा लाडू. त्या काळ्यावर ते रंग असे उठून दिसले की शेजारच्या बायका आपले म्हणणे विसरून बघत राहिल्या. हिरव्या पानावर ते कधी तसे दिसले नव्हते.

एवढ्यात पहिल्या बसने आलेले विजयराघवराव धावत, धडपडत, धोतर सावरत काठावर पोहोचले. हात रिकामे. साडीवर उतरलेला पहिला कावळा बघून ते ओरडले, "अक्का! अगे, ती जरीची आहे!"

या माणसाला रात्रभर झोप नव्हती, आणि तोंडातून आधी हे निघाले.

"हात मागे," मंगलाअक्का म्हणाल्या. "तुझेच नाव घेते आहे."

"पण हे साडीवर..."

"भावाच्या हातून जे आले त्यावर ठेवायचे. पान आले असते तर पानावर ठेवले असते. खोक्यातून हे आले."

त्यांनी पूर्वेकडे तोंड केले आणि त्याचे नाव घेतले. विजयराघव. त्यात राव नव्हता. मग सरोजाचे घेतले, मग त्यांच्या मुलांची, नातवंडांची. एकही गाळले नाही. कावळे एकामागून एक आले, काळ्या साडीवर काळे पाय टाकत नाचले, पिवळे खाल्ले, लाल खाल्ले, जरीला चोची पुसल्या. विजयराघवराव हात मागे बांधून उभे राहिले, कचेरीत ते लोकांना उभे करीत तसे. मी माझ्या गाईच्या पाठीवर पाणी ओतत होतो आणि माझी मान खाली होती. आता त्यांच्याकडे बघायला नको असे मला वाटले. हे मला त्यांच्याबाबतीत पहिल्यांदाच वाटले.

पाखरे उडाली. साडीवर शितांचे डाग, चिखल, आणि मधोमध तो एक लाडू, जसाच्या तसा. कावळ्यांनी त्याला चोचही लावली नव्हती.

मंगलाअक्कांनी तो उचलला, पदराने पुसला आणि भावाच्या हातावर ठेवला.

"हे तुझे पुणे," त्या म्हणाल्या. "खा. रात्रीपासून काही खाल्ले नसशील. मग ही साडी घाटावर धुवून दे. पुढच्या साली पान नाही आले तर हीच लागेल."

विजयराघवरावांनी लाडू खाल्ला. मग धोतर खोचून ते पाण्यात उतरले आणि साडी धुऊ लागले. धुणे त्यांना येत नव्हते. माझी गाय त्यांच्याकडे बघत उभी राहिली होती, तिला मी जरा बाजूला घेतले.